शालूबाईची टाच

शालूबाई निखळलेले खांदे पायानं बसवायची. शिराळ्याजवळच्या वाडीत तिचा बाप हेच काम दोन्ही हातांनी करी, पण शालूबाईचा डावा कोपर काटकोनात आखडलेला, त्यात जोर नव्हता. म्हणून ती माणसाला उताणं निजवी, बगलेत टाच रोवी आणि मनगट धरून अंगाचा सगळा भार मागं टाकी. खांद्याची खोबण बशीसारखी उथळ असते. ताण नेमका बसला की दंडाच्या हाडाचा गोळा आपसूक आत सरके. मग ती त्याच खांद्याला हात लावून तो कपाळाला नेई. समोर पोर असो की म्हातारा, पाय लागला म्हणून हा नमस्कार ठरलेला. वाडीला तो पाठ झाला होता.

तिचा कोपर निखळवला होता थोरल्या दिरानं, नाथाजीनं. पासष्टच्या लढाईत नवरा गेला, आणि निम्मं रान माझं म्हणून शालूबाई उसाच्या बांधावर उभी राहिली. नाथाजीनं हात पिरगाळून तिला वेशीपर्यंत फरफटत नेलं. पायापाशी ठेवायची बाई डोक्यावर बसाय निघाली, असं गावादेखत म्हणाला. त्याच्या धाकानं कुणी तिच्या हाताला हात लावला नाही. ती बापाच्या दारी पोचली तेव्हा फार उशीर झाला होता. हाडाला हाड बांधून ठेवणारे बंध वाळल्या वादीसारखे आवळून गेले होते.

चौऱ्याहत्तर साली बैलानं कासरा हिसडला आणि नाथाजीचा उजवा खांदा उतरला. मुलगा लालासाहेब त्याला बैलगाडीतून कराडच्या दवाखान्यात घेऊन निघाला होता. पण दर धोंड्याला नाथाजी हंबरायला लागला, आणि वाटेत लागलेल्या वाडीतल्या माणसांनी गाडी शालूबाईच्या दारात आणून सोडली.

तिनं त्याला ओळखलं. हातातले तांदूळ निवडून झाल्यावरच ती उठली. तोवर अंगणात निम्मी वाडी गोळा झाली होती. एरवी ती पाय धुऊन, बगलेत फडक्याची घडी ठेवून बसे. आज गोठ्यातून आलेला पाय तिनं तसाच उचलला.

लालासाहेब मध्ये आला. "काकू, आबास्नी पाय लावता? हातानं बसवा की."

शालूबाईनं कोपर त्याच्या तोंडापुढं धरला. "हात कुठं ठिवलाय तुज्या आबानं?"

तो बाजूला झाला. भेगाळलेली टाच बगलेत रुतली, तसं नाथाजीनं डोळे मिटले आणि सगळं अंग आवळून धरलं. आवळलेल्या स्नायूंतून गोळा हलेना. जोरानं ओढलं तर बंध फाटतील, हात जन्माचा जाईल, हे तिला ठाऊक होतं. तसं करावं, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण मग हा कळेनं मेल्यागत पडून राहील, आणि तिला तो शुद्धीवर हवा होता.

"ढिलं सोडा, भावजी," ती सावकाश म्हणाली. "डोळं उघडा. कुणाचा पाय हाय बघा."

नाथाजीनं बघितलं. त्याच्या अंगातलं बळच गेलं, आणि त्याच क्षणी गोळा खट्कन खोबणीत बसला.

तिनं त्याचा हात फडक्यानं छातीशी बांधला, आपल्या कोपराएवढाच वाकवून. तीन आठवडे सोडू नका म्हणाली. नाथाजी हलला नाही. वाडीही हलली नाही. सगळे तिच्या हाताकडं बघत होते.

शालूबाईनं हात लुगड्याला पुसला. "आधी सोडलंसा तर खांदा परत उतरंल. मग या. पाय हायच."

ती वळली आणि तांदळाचं सूप उचलून आत गेली. नमस्कार तिनं केला नाही.