नकाशावरचं ऊन

आमच्या ऑफिसात नकाशे जेवढे साठले नाहीत ना, तेवढे किस्से साठलेत. नकाशे निदान सुरळी करून कपाटावर टाकता येतात. किस्से कुठे टाकायचे?

तळेगाव स्टेशनजवळ पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. जोशी सर, आंबीचा संतोष आणि मी. लोक इमारतीचा सपाट नकाशा पाठवतात. भिंती, खिडक्या, छप्पर, आत बसणारी माणसं हे सगळं मोजून आम्ही सांगायचं, की या खोलीत गारवा किती लागेल आणि ऊब किती. याला आम्ही 'लोड काढणं' म्हणतो. जागेवर जायची वेळ क्वचितच येते. सगळं कागदावरून!

माझा पहिलाच महिना होता. लोणावळ्याच्या एका बंगल्याचा नकाशा आला, तोही मोबाइलवर काढलेला आडवा फोटो. उत्तर दिशेचा बाण कुठे दिसेना. मी आपली वरची बाजू उत्तर धरली आणि रिपोर्ट पाठवून दिला.

दुसऱ्या दिवशी मालकांचा फोन. "मॅडम, तुमच्या रिपोर्टप्रमाणे आमच्याकडे सूर्य उत्तरेला मावळतोय!"

मला रडूच फुटलं. सरांनी फोन हातातून घेतला आणि शांतपणे म्हणाले, "पोरगी नवीन आहे हो. सूर्यालाही सांगतो जरा सांभाळून घ्यायला."

मग खंडाळ्याचं ते जांभळाचं झाड. दरीच्या कडेला बंगला, पश्चिमेला मोठी काच. त्या वेळी सर मुद्दाम जागेवर गेले होते. काचेसमोर भलंमोठं जांभूळ. दुपारभर हॉलमध्ये सावली. सरांनी त्या सावलीचा हिशेब धरून एसीचं मशीन लहान सुचवलं. "झाडाने अर्धं काम केलंय, आपण कशाला मिरवायचं?" असं म्हणाले.

पुढच्या एप्रिलमध्ये मालक तणतणत ऑफिसात. "हॉल गारच होत नाही! तुमचं गणित साफ चुकलं!"

सरांनी विचारलं, "जांभूळ आहे ना?"

"ते पाडलं. दरीचा व्ह्यू अडत होता."

सरांनी जुन्या रिपोर्टमधल्या सावलीच्या आकड्यावर काट मारली. मग मला म्हणाले, "यांना नवीन रिपोर्ट दे. झाड शून्य लिही." त्या दिवशी त्यांनी डबा उघडलाच नाही.

संतोषचा किस्सा तर त्याच्याच गावचा. आंबीच्या बाजूला एक शेड होणार होती, तिचा नकाशा आला. संतोष कॉम्प्युटरवर भिंती मोजत होता. मध्येच त्याचा हात थांबला. प्लॉटच्या हद्दी बोटाने चाचपत म्हणाला, "मॅडम, हे आमचं रान हाय."

त्याच्या वडिलांनी विकलं, तेव्हा तो कॉलेजात होता. त्याने शेडच्या मधोमध बोट ठेवलं. "हितं विहीर व्हती. मी हितंच पोहायला शिकलो."

मी म्हटलं, "राहू दे, मी करते हे काम." तो नाही म्हणाला. छप्पर केलं, भिंती केल्या. जमिनीच्या रकान्याशी आला आणि अडला. खालच्या जमिनीकडून उष्णता येत नाही असं आम्ही धरतो. नेहमीचाच नियम.

सर म्हणाले, "शून्य लिही ना."

संतोष म्हणाला, "सर, तेवढं एक तुमी लिवा."

सरांच्या घरचं सांगू की नको, असं होतं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या खोल्या गार केल्या, पण घरात पंखाच! काकू हृदयाच्या पेशंट, उन्हाळ्यात फार त्रास व्हायचा. सर म्हणायचे, "एकदा आपल्या घराचा लोड नीट काढतो, मग बसवू." काकू आम्हाला हसत सांगायच्या, "समोरच्यांनी न मोजता बसवला, आणि गार होतंय हो त्यांच्याकडे!"

एका मे महिन्यात काकू गेल्या.

पंधरा दिवसांनी सरांच्या कॉम्प्युटरवर मी एक जुनी फाइल शोधत होते. तिथे 'घर', 'घर नवीन', 'घर फायनल', 'घर फायनल दोन'... अकरा फाइली! काकूंची खोली प्रत्येक फाइलीत पुन्हा मोजलेली. मी घाबरतच विचारलं, "सर, या काढून टाकू का?"

"असू दे," सर म्हणाले. "ती पश्चिमेची खिडकी मला अजून पटत नाहीये."

आणि वराळ्याचे आबा. डोक्याला टोपी, हातात लग्नपत्रिका. पत्रिकेच्या मागे पेन्सिलीने काढलेली एक खोली. दार, खिडकी, वर 'पत्रा' असं लिहिलेलं आणि आत दोन खाटा.

"नातीला घामच येत न्हाई," आबा म्हणाले. "डाक्टर म्हणत्यात, जन्मापासनं तसंच हाय. ऊन वाढलं की अंग तापतंय. खोली गार ठिवा म्हणाले."

सरांनी विचारलं, "खोली किती फुटांची?"

"माझी सा पावलं."

सरांनी आबांना ऑफिसात सहा पावलं चालायला लावलं आणि मागून टेप धरून स्वतः मोजलं. पत्र्याखाली काय लावायचं, वरून पांढरा रंग कुठला द्यायचा, सगळं समजावलं. मग विचारलं, "झोपायला माणसं किती?"

"नात एकलीच."

"मग ही दुसरी खाट?"

आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "तिच्या थोरल्या भावाची. त्यालाबी घाम येत न्हवता. आमाला तवा कुटं ठावं? ताप हाय म्हणून गोधड्या घालत राह्यलो."

सरांनी मान खाली घालून रिपोर्ट पुरा केला आणि कागद आबांच्या हातात दिला.

जूनमध्ये आबा पुन्हा आले. उन्हाळाभर पोरीला एकदाही ताप चढला नव्हता. पिशवीतून करवंदं काढून टेबलावर ठेवली, मग खिशातून तो रिपोर्ट काढला. घडीवर विरलेला. एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाले, "साहेब, हितं माणसं दोन लिवल्यात. मी तर एक सांगितलं व्हतं."

सरांनी चष्मा पुसला.

"आबा, खाटा दोन आहेत ना."