देवाच्या दुधाशेजारी जागा नाही

"ताई, ते फ्रिजमध्ये मी ठेवू देणार नाही. तिथे देवाचं दूध आहे," शालिनीवहिनी म्हणाल्या आणि फ्रिजला पाठ लावून उभ्या राहिल्या.

'ते' म्हणजे सपोझिटरी. गोळी तोंडातून घेतात, ही मागून, शौचाच्या जागेतून सरकवायची. दिसायला मेणबत्तीचा तुकडा, अंगाच्या उबेनं विरघळते. औषध अॅलर्जीच्या गोळ्यांच्या कुळातलं; उलट्या थांबवतं आणि झोपही भरपूर आणतं. वहिनींचे यजमान, रिटायर्ड सुभेदार कदम, कानाच्या दुखण्यानं चक्कर येऊन दोन दिवस उलट्या करत होते. गोळी पोटात टिकेना, म्हणून डॉक्टरांनी ही लिहून दिली. परवा साताऱ्याला नातीचा साखरपुडा, विमानाची तिकिटं काढलेली. उलट्या थांबल्या नाहीत तर अॅडमिट, आणि साखरपुडा मोबाइलवर बघायचा.

मी दिल्लीत द्वारका-पालमकडे घरोघरी पेशंट सांभाळते, बावीस वर्षं झाली. कोर्स कसला केलेला नाही. नर्सबायकांच्या मागे उभी राहून शिकले, चुकले तेव्हा बोलणी खाल्ली, ती जास्त लक्षात राहिली.

तर वहिनींनी ते पाकीट आदल्या दिवसापासून बाथरूमच्या खिडकीत ठेवलेलं. दिल्लीचा मे महिना. हातात घेतलं तर आत पिकल्या केळ्यासारखं मऊ. अशी नरम सपोझिटरी आत जातच नाही, बोटालाच चिकटते. वेष्टन न काढता अर्धा तास गार करावी लागते. शेवटी स्टीलच्या डब्यात घालून, डबा पिशवीत गुंडाळून, दूध वरच्या कप्प्यात आणि हे खाली दारात, असा तह झाला.

ते गार होईपर्यंत मी शेजारी बसून सुभेदारांना समजावत होते. डाव्या कुशीवर वळा, उजवा गुडघा पोटाशी घ्या, नंतर पंधरा मिनिटं उठायचं नाही. गुंगी येईल, बाथरूमला एकट्यानं जायचं नाही.

"पासष्ट आणि एकाहत्तर, दोन्ही लढाया बघितल्यात मी," ते म्हणाले.

"बघितल्या असतील. यात फक्त कुशीवर व्हायचंय."

ते वळले आणि मला वेलचीचा वास आला. चांगला घमघमीत. ज्याच्या पोटात पाणी टिकत नाही, तो वेलची कशाला चघळेल? मी विचारलं, सकाळपासून काय काय घेतलंत. उत्तर दारातून वहिनींनी दिलं.

"काही नाही हो. गरम पाण्यात थोडी रम दिली, दोनदा. पोट धरतं त्यानं."

"दारू दिलीत?"

"दारू कुठली, मिलिटरी कँटीनची आहे. आमच्याकडे ती औषधातच ठेवतात. जायफळाच्या बरणीशेजारी."

फ्रिजला ते औषध विटाळ, आणि रम मसाल्याच्या फळीवर. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी एवढंच विचारलं, "दवा दी तो नहीं अभी?" नाही म्हटल्यावर म्हणाले, बिल्कुल मत देना, यहाँ ले आओ. दारूवर हे औषध पडलं की दोन्ही मिळून इतकी गुंगी आणतात की म्हाताऱ्या माणसाचा श्वास मंदावतो, आणि गुंगीत उलटी झाली तर ती छातीत जाते. घरचे समजतात, छान झोप लागली.

दवाखान्यात दुपारभर सलाइन लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी, डॉक्टरांनी हो म्हटल्यावर, मी सपोझिटरी दिली. उलट्या थांबल्या. साखरपुड्याला ते गेले, आणि वहिनींनी तिथे सगळ्यांना सांगितलं म्हणे, की माझ्या सोवळ्यामुळे हे वाचले.

वाईट एवढंच, की ते खरं आहे. औषध पहिल्यापासून गार असतं तर मी आल्या आल्या दिलं असतं, वास येण्याआधीच. विचारलं नव्हतं ना मी. आता मी हातमोजे घालायच्या आधी विचारते, काय काय घेतलंय. आणि पेशंटला नाही, त्याच्या बायकोला.