सिग्नल म्हणजे स्टॉप नाही

डेपोत त्यांना घड्याळराव म्हणत, आणि ते कौतुक नव्हतं हे त्यांना कधीच कळलं नाही. सगळी नोकरी त्यांनी एकाच मार्गावर दुमजली बस चालवून काढली आणि गाडीला एक दिवसही उशीर होऊ दिला नाही. आता गाडी वेळेवर न्यायची म्हणजे कुणाला तरी मागे सोडावंच लागतं. घड्याळराव ते आनंदाने सोडत. एका हाताला डबा आणि दुसऱ्या हाताला पोर अशी एखादी बाई स्टॉपकडे धावत येताना आरशात दिसली, की ते तिला अगदी दाराच्या दांडीपर्यंत येऊ देत आणि मग दार लावत. आधी लावलं असतं तर ती निदान धावली तरी नसती. पण एवढा विचार कोण करतो?

सिग्नलला गाडी उभी राहिली की लोक दारावर थापा मारत. घड्याळराव समोर बघत. कुणी फारच गयावया केली तर तेवढ्यापुरती मान वळवून म्हणत, "सिग्नल म्हणजे स्टॉप नाही." हे वाक्य डेपोत इतकं गाजलं की कँटीनमध्ये कुणी घास मागितला तरी पोरं तेच ऐकवायची.

त्यांचं घरही त्याच मार्गावर होतं. हमरस्त्यालगत, पहिल्या मजल्यावर, आणि नेमकं घरासमोरच सिग्नल. बायको होती तेव्हा खिडकीत उभी राहायची आणि घड्याळराव खालून दोनदा हॉर्न द्यायचे. "आज मी हात केला होता," ती घरी आल्यावर सांगायची. "बघितला की," ते म्हणायचे. बघितला कसला? ड्रायव्हरला स्टेअरिंगवरून पहिला मजला दिसतच नाही. ते तिला उगाच बरं वाटावं म्हणून खोटं बोलत. त्यांनी आयुष्यात कुणासाठी मुद्दाम केलेली ती एकच गोष्ट असावी, म्हणून सांगितली.

बायको गेली आणि त्या खिडकीतल्या खुर्चीवर ते स्वतः बसू लागले. मुलगा आणि सून त्याच घरात राहत. घर मुलाच्या नावावर होतं. बायकोच्या आजारपणात कटकट नको म्हणून घड्याळरावांनीच सह्या करून दिल्या होत्या. आता मुलाला ते विकून गावाबाहेर नवं घ्यायचं होतं, आणि त्या नव्याच्या नकाशात बापाची खोली कुठे दिसत नव्हती. घड्याळरावांनी एकदाच सांगितलं, "मी या खिडकीतून उठणार ते चौघांच्या खांद्यावर." त्यानंतर घरात तो विषय निघाला नाही. आपण जिंकलो असं त्यांना वाटलं.

अशात एक दिवस मुलगी आली आणि म्हणाली, "बाबा, तुम्हाला बसमध्ये चहाला नेणार आहे."

"बसमध्ये चहा? सांडेल की."

"सांडत नाही. खास कप असतात. शहर दाखवतात आणि चहा देतात. सध्या सणाची सजावट आहे म्हणे."

कुठला सण, ते बसमध्ये चढल्यावरही कळलं नाही. गाडी त्यांच्याच डेपोतून भंगारात निघालेली. अंगाला सोनेरी पट्टे मारून, खिडक्यांना चमकीच्या माळा लावून तिला नटवून उभी केली होती. लग्नात म्हाताऱ्या आत्येला नटवतात तशी. वरच्या मजल्यावरच्या बाकांमध्ये टेबलं ठोकली होती, प्रत्येक टेबलावर तीन मजली ताटली, तिच्यात बोटाएवढी सँडविच आणि त्याहून छोटे केक. कपांना झाकणं होती आणि कप बसायला टेबलाला भोकं. चहा वाढणाऱ्या मुलीने प्रत्येकाच्या डोक्यावर चांदणी चिकटवलेली कागदी टोपी चढवली.

"आजोबा, तुम्हाला लाल छान दिसेल," ती म्हणाली. घड्याळरावांनी आयुष्यभर खाकी टोपी घातली होती. त्यांनी लाल घालून घेतली आणि मिशीतल्या मिशीत हसले.

"तुम्ही खिडकीशी बसा," त्यांची मुलगी म्हणाली. "या बाजूने चांगलं दिसतं." ती स्वतः मधल्या वाटेच्या बाजूला बसली. तिच्याजवळ एक फुगलेली पिशवी होती, ती तिने पायांत ठेवली.

"चहाला निघालीस की परगावी?" घड्याळरावांनी विचारलं.

"लागेल म्हणून घेतलं," ती म्हणाली.

वाढणाऱ्या मुलीने खिडकीजवळची लाल बेल दाखवली. "आणखी चहा हवा असला की ही दाबायची."

"ही बेल?" घड्याळराव खो खो हसले. "अगं, ही बेल वाजली की मी गाडी थांबवायचो. आता चहाला?"

"आता चहालाच," ती मुलगी गोड हसून पुढे गेली.

गाडी निघाली. ड्रायव्हर नवखा असावा. क्लच सोडताना हिसका देत होता आणि घड्याळराव प्रत्येक हिसक्याला नाक मुरडत होते. तरी ते खूश होते. इतकी वर्षं ही गाडी चालवली आणि वरच्या मजल्यावर बसायची वेळ आज आली. दुकानांच्या पाट्या वरून दिसत होत्या. पाट्यांच्या वर माणसं राहतात, कपडे वाळत घालतात, खिडकीत दाढी करतात, हे त्यांना नव्यानेच कळत होतं. दुसऱ्या कपाला त्यांची जीभ सैल झाली. पलीकडच्या टेबलावर एक नवरा-बायको होते. त्यांना ते सांगू लागले, मी याच गाड्या चालवायचो, घड्याळराव म्हणायचे मला. आणि मग त्यांनी ती गोष्ट काढली. ती गोष्ट ते सगळ्यांना सांगत. त्यांच्या निरोपसमारंभात साहेबांनीसुद्धा ती भाषणात घेतली होती.

"ही बसलीय ना, माझी मुलगी," घड्याळराव म्हणाले, "हिची परीक्षा होती. नर्सिंगच्या प्रवेशाची. पोरगी घरातून उशिरा निघाली. आमच्या घरासमोर सिग्नल, तिथे माझी गाडी उभी. ही धावत आली आणि दारावर दोन्ही हातांनी थापा. बाबा, दार उघडा. बाबा, दार उघडा. गाडी भरलेली, सगळे बघतायत. मी काय केलं असेल?"

"उघडलं असेल," ती बाई म्हणाली.

"छे! सिग्नल म्हणजे स्टॉप नाही. हिरवा झाला, मी निघालो. पोटच्या पोरीसाठी थांबलो नाही, मग लोकांसाठी काय थांबणार?"

ती बाई हसली नाही. तिचा नवरा हसायला लागला होता, तो बायकोकडे बघून गप्प झाला. "मग परीक्षा?" तिने मुलीला विचारलं.

"हुकली," मुलगी म्हणाली. "मी आता कपड्यांच्या दुकानात असते. घ्या ना, हा लिंबाचा केक चांगला आहे." आणि तिने वडिलांच्या ताटलीत एक केक ठेवला.

घड्याळरावांनी तो तोंडात टाकला. तेवढ्यात गाडी उजवीकडे वळली आणि ते सरसावून बसले. "अरे, हा तर आपला रस्ता. टूरवाले इथून नेतात?"

"हो," ती म्हणाली.

त्यांना एकाएकी गलबलून आलं. आपली खिडकी आपण बाहेरून, समोरासमोर, पहिल्यांदाच बघणार. बायकोला जे दिसायचं ते उलट्या बाजूने बघणार. त्यांनी टोपी सरळ केली. न जाणो, सून खिडकीत असली तर हात करू, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. मुलगा कामावर असणार, त्याने सकाळीच तसं सांगितलं होतं.

सिग्नल लाल होता. गाडी हिसका देऊन घरासमोर उभी राहिली.

खिडकीला पडदे नव्हते. आतली खुर्ची नव्हती, पलंग नव्हता, कपाट नव्हतं. कपाटामागच्या भिंतीचा जुना हिरवा रंग तेवढा चौकोनी उघडा पडला होता. खोलीच्या मधोमध एक अनोळखी बाई हाताने दाखवत काहीतरी सांगत होती आणि एक माणूस भिंतीला टेप लावून माप घेत होता. टेपचं दुसरं टोक मुलाने धरलं होतं. खाली फुटपाथवर त्यांची खुर्ची पाय वर करून पडली होती, तिच्यावर हमालाने चहाचा ग्लास ठेवला होता.

घड्याळरावांच्या तोंडातला केक तसाच राहिला. ते उठायला गेले. समोर टेबल ठोकलेलं, बाजूला मुलगी. तिने गुडघे बाजूला घेतले नाहीत.

"सरक," ते म्हणाले. "मला उतरायचंय. घर रिकामं करतायत ते. सरक ना."

"बसा, बाबा."

"तुला माहीत होतं?"

"दादा म्हणाला, संध्याकाळपर्यंत बाबांना कुठेतरी ने. सिनेमाला ने म्हणाला." तिने त्यांच्या कपाचं झाकण नीट बसवलं. "बसने नेते, असं मी म्हटलं."

घड्याळरावांनी काचेवर थाप मारली. मग दोन्ही हातांनी मारायला लागले. समोर मुलगा हाकेच्या अंतरावर होता. त्याने आवाज ऐकून इकडे बघितलं. लाल कागदी टोपी घातलेला आपला बाप काचेवर थापा मारतोय हे त्याला स्वच्छ दिसलं. त्याने टेप सोडली नाही. त्या बाईला काहीतरी सांगून त्याने तिला आतल्या खोलीकडे वळवलं. पलीकडच्या टेबलावरचा नवरा फोन काढून शूटिंग घ्यायला लागला, त्याला वाटलं म्हातारा कुणाला तरी सणाच्या शुभेच्छा देतोय.

"ड्रायव्हरला दार उघडायला सांग," घड्याळराव म्हणाले. त्यांचा आवाज फाटला होता. "गाडी उभीच आहे. दार उघडायला काय जातंय त्याचं?"

मुलीने त्यांच्याकडे बघितलं. तिला हसू आलं नाही, रडूही आलं नाही. हे वाक्य तिने इतक्या वर्षांत इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ते तिच्या तोंडून अगदी सहज निघालं.

"सिग्नल म्हणजे स्टॉप नाही, बाबा."

हिरवा झाला. गाडी निघाली. घड्याळराव मान मोडेस्तोवर मागे बघत राहिले, मग खिडकी दिसेनाशी झाली.

"तुमचे कपडे आणि गोळ्या या पिशवीत आहेत," मुलगी म्हणाली. "शेवटच्या स्टॉपजवळ वृद्धाश्रम आहे, तिथे खोली घेतलीय. दोघांत एक. खिडकी मागच्या भिंतीकडे उघडते, पण हवा येते म्हणाले."

त्यांनी बेल दाबली. पुन्हा दाबली, मग बोट काढलंच नाही. ही बेल वाजली की गाडी थांबते, एवढं एकच त्यांच्या बोटाला माहीत होतं. वाढणारी मुलगी किटली घेऊन धावत आली.

"आले, आले, आजोबा. आणखी चहा ना?" मग तिने कप बघितला. "पण हा तर भरलेलाच आहे."

"दुसरा कप भरा तुम्ही, आणि निवांत भरा," मुलगी म्हणाली. "त्यांना आता कुठे वेळेवर पोचायचं नाही." आणि तिने आपला रिकामा कप पुढे सरकवला.