मौसाजींनी काढलेलं दार

झाशीत भिंतींवर माझ्या मावशीच्या यजमानांइतकं प्रेम कुणी केलं नसेल, आणि त्यांच्याइतक्या भिंती कुणी कापल्याही नसतील. आम्ही त्यांना इथल्या रीतीप्रमाणे मौसाजी म्हणतो. राहत्या घरांच्या काँक्रीटच्या भिंतींत नवी दारं काढायची, हा त्यांचा धंदा. शहराबाहेर बिजौलीत छोटी शेड आणि हिऱ्याचं पातं लावलेलं मशीन. "भिंत फोडली" म्हटलेलं त्यांना खपत नाही. "फोडतात ते डाकू. आपण दार काढतो!" कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करून कान लावणार, मग माणसांना नमस्कार. चिरगाँवला माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो, तर हे चहा सोडून उठले आणि मुलीच्या वडिलांना म्हणाले, "भैया, रसोई का दरवाज़ा यहाँ होना था." मला तोंड कुठे लपवावं कळेना. लग्न मात्र ठरलं, आणि साखरपुड्याआधी तिथे दारही झालं. सासूबाई अजून माझ्याआधी त्यांची चौकशी करतात.

मागच्या वर्षी आईचं खुब्याचं हाड मोडलं. चाकांची खुर्ची आली, पण सिविल लाइंसमधल्या आमच्या घरात खोलीबाहेरच्या अरुंद वळणावर ती अडकायची. उचलून न्यावं तर आई म्हणे, "मी काय पोतं आहे?" चार महिने ती एकाच खोलीत होती. हळूहळू बोलेनाशी झाली.

आईच्या खोलीतून थेट अंगणात दार काढायला मौसाजींना बोलावलं. तीन दिवस ते नुसती भिंत ठोकून ऐकत होते. मी चिडलो, "अहो, कापा ना आता!"

"बेटा, वरचा मजला हिच्यावर उभा आहे. घाई केली तर छत ताईंच्या अंगावर येईल."

मग छताला लोखंडी टेकू लागले, वर तुळई बसली. त्या कामापुरतं आईने स्वतःला उचलून दुसऱ्या खोलीत नेऊ दिलं. पाण्याच्या धारेखाली पातं फिरू लागलं आणि घरभर राखाडी चिखल झाला. मौसाजींनी मशीन दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही.

शेवटचा तुकडा निघाला आणि खोलीत थंडीतलं ऊन आलं. आईला परत आणून खुर्चीत बसवलं आणि मी ढकलू लागलो, तर म्हणाली, "सोड." स्वतःच चाकं फिरवत ती अंगणात गेली. शेजारीण गच्चीवरून ओरडली, "अरे अम्माजी! कितै हतीं इत्ते दिनन सें?" इतके दिवस ती कुठे होती ते सांगता सांगता आईच्या गप्पा सुरू झाल्या.

मौसाजी बाहेर आलेच नाहीत. मी चहा घेऊन गेलो, तर नव्या दाराच्या ओल्या कडेशी उकिडवे बसले होते.

"माझी आई अशीच तीन वर्षं आत पडून होती," ते म्हणाले. "तेव्हा मशीन नव्हतं रे माझ्याकडे."

मी त्यांच्याशेजारी टेकलो. आई बाहेर बोलत होती. आम्ही ऐकत राहिलो, चहा निवून गेला.