रविवार, कार्बोरेटर आणि मीनलचे मामा

तारनाक्याहून फोन आला तेव्हा मी भाजी निवडत होतो. माझ्या पत्नीचे थोरले भाऊ सुधाकरराव गेले होते. पत्नी जागच्या जागी बसली. आमची लेक मीनल मात्र अशी रडली, की सावरायला गेलो तर तिने माझा हात बाजूला केला. त्या क्षणी मनात आलं... मी गेल्यावर ही इतकी रडेल का? असं मनात येऊ नये, हे मला कळतं. आलं खरं.

सुधाकररावांकडे त्यांच्या वडिलांची जुनी मोटारसायकल होती. मीनल कॉलेजात असल्यापासून दर रविवारी तिकडे जायची, नोकरी लागली तरी खंड नाही. व्हरांड्यात वर्तमानपत्र पसरून मामा-भाची कार्बोरेटर खोलत बसायची. "पेट्रोलच्या जेटमध्ये तार घालू नक्को, फुंकर मार," ते सांगायचे. "भोक मोठं झालं तर गाडी पेट्रोल पिईल, आन् तुझी मामी माझं रक्त!" आतून मामी ओरडायच्या, "हौ, आता राहिलंय कुठे रक्त?" मीनल खळखळून हसायची. मी खुर्चीत गाडीचं माहितीपुस्तक घेऊन बसलेला. हवेचा स्क्रू दीड फेरा उघडा ठेवावा असं त्यात छापलंय, हे मी वाचून दाखवायचो. "जावईबापू, पुस्तक मिटा, ऐका जरा," असं म्हणून ते मान कलती करायचे, की मीनलचीही मान तशीच कलायची. मला मात्र इंजिनाचा आवाज आधीही तोच आणि नंतरही तोच वाटे. तिला सायकल मी शिकवली, गणित मी शिकवलं. पण अशी हसताना मी तिला फक्त तिथेच पाहिलं.

तेरावं झाल्यावर मामींनी गाडीची किल्ली मीनलच्या हातात दिली. तारनाक्याहून जामबागला आमच्या घरी आणताना गाडी वाटेतच बंद पडली. मग रोजच पडू लागली. मीनलने कार्बोरेटर पुन्हा पुन्हा धुतला, पेट्रोलचा कॉक साफ केला, फुगलेली रबरी नळी बदलली. काही उपयोग नाही. "मामा असते तर..." एवढं म्हणून ती पायरीवर बसून राहिली. मला तिने काहीच विचारलं नाही.

पुढच्या रविवारी बेगम बाजारातून मसाला आणायचा म्हणून मी गाडीवर मीनलच्या मागे बसलो आणि लक्ष ठेवलं. टाकी भरलेली असली की गाडी लवकर बंद पडते, अर्धी असली की उशिरा, आणि थोडं थांबलं की आपोआप सुरू होते, हे ती आईला सांगायची त्यावरून मी आधीच टिपलं होतं. मग दोष कार्बोरेटरचा कसा? ठरल्यासारखी गाडी वाटेत थांबली.

"झाकण उघड."

"बाबा, पेट्रोल आहे हो! आत्ताच भरलंय."

"उघड तर."

टाकीने सुस्सकन हवा आत ओढली. मीनलने माझ्याकडे पाहिलं, मग किक मारली. गाडी सुरू.

टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. ते बुजलं की आत हवा जात नाही आणि पेट्रोल खाली उतरत नाही. ते बुजलं होतं कुंकवाने. दसऱ्याला हार घालून सुधाकररावांनी पूजा केली होती आणि ओलं कुंकू अंगठ्याने नेमकं तिथेच दाबलं होतं; त्यानंतर ते जाईपर्यंत गाडी बाहेर निघालीच नव्हती. एवढे तिखट कानाचे, पण भोक त्यांनीच बंद केलं! मला आनंद झाला, लपवत नाही. "बघ, तुझ्या मामांनीच..." असं मी म्हणणार, तोच दिसलं, मीनल त्या ठशावर आपला अंगठा ठेवून पाहत होती.

"पुसू नका हं बाबा," ती म्हणाली. "भोक तेवढं मोकळं करा. तुम्हीच करा."

घरी येऊन मी सुईने भोक मोकळं केलं. वाळलेल्या कुंकवात अंगठ्याच्या रेषा अजून दिसतात. गाडी पुसायचं काम आता मीनलने मला दिलंय. दर रविवारी टाकी चकचकीत करतो, झाकणापाशी आलो की फडकं त्या ठशाच्या भोवतीने फिरवतो. एकदा जोरात पुसून टाकावं, असं दर वेळी वाटतंच.