शालूताईंनी न केलेली सही

प्रा. शालिनी खोब्रागडे गेल्याची बातमी मला महाविद्यालयाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. काही वर्षांपूर्वी त्यांना ज्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं, त्याच ग्रुपवर. पहिली 'भावपूर्ण श्रद्धांजली' प्राचार्या मॅडमची, आणि मागोमाग हात जोडलेल्या चित्रांची रांग. ताई वर्षभर अंथरुणाला खिळून होत्या. वणीतलं त्यांचं घर महाविद्यालयाच्या फाटकापासून चालत दहा मिनिटांवर. या हात जोडणाऱ्यांपैकी एकाचेही पाय तिकडे वळले नव्हते.

ताई राजूरच्या. वडील कोळसा खाणीत, आई लोकांच्या शेतात कापूस वेचायची. बौद्ध कुटुंबातली ही मुलगी शिकली, समाजशास्त्राची प्राध्यापक झाली आणि पीएचडीसाठी पुन्हा कापूस वेचणाऱ्या बायांकडेच गेली. तीन हंगाम त्यांच्याबरोबर सऱ्यांमधून वाकून चालली. आमच्या स्टाफरूममधले विद्वान तेव्हा हसायचे. "मॅडम, कापूस वेचायला डॉक्टरेट कशाला लागते?" हसणाऱ्यांपैकी एकाचा प्रबंध दुसऱ्या कुणीतरी लिहून दिला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो विनोदी स्वभावाचा म्हणून लोकप्रिय होता... मी तेव्हा ताईंची विद्यार्थिनी, पुढे त्यांच्याच विभागात सहकारी. ताईंनी मला बोट धरून उभं केलं, असं मीही मुलाखतींत सांगत आले आहे.

मग मारेगावकडच्या एका मुलीची तक्रार आली. विभागप्रमुख तिला गुण दाखवायच्या निमित्ताने केबिनमध्ये बोलवायचे आणि दार लावून घ्यायचे. तक्रार समितीच्या बैठकीला आम्ही तिघी होतो : आजच्या प्राचार्या मॅडम तेव्हा अध्यक्ष, ताई आणि मी. मॅडमनी मुलीला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "बेटा, तुझं लग्न व्हायचं आहे अजून. हे गैरसमज म्हणून मिटवू या." ताईंनी विचारलं, "गैरसमज कोणाचा झाला? हिचा, का दाराच्या कडीचा?"

'गैरसमजातून तक्रार' असा अहवाल तयार झाला. ताईंनी सही केली नाही. मॅडमनी केली. मग कागद माझ्यापुढे आला. मी नोकरीत नवी, अजून कायम व्हायची होते... मी सही केली. बाहेर व्हरांड्यात ताईंनी मला गाठलं.

"वाचलं होतंस का सही करायच्या आधी?"

"हो, ताई."

"मग संपलं. न वाचता केली असतीस, तर माफ केलं असतं."

त्यांनी स्वतंत्र मत लिहून विद्यापीठाकडे पाठवलं. प्रत्येक सुनावणीला त्या मुलीला घेऊन एसटीने अमरावतीला गेल्या. त्या विभागप्रमुखांना शेवटी नोकरी सोडून जावं लागलं. मुलीने पदवी पूर्ण केली, आज ती पुसदला शिकवते. आणि ताई? त्यांना समितीतून काढलं, बसायला प्रयोगशाळेमागची अडगळीची खोली दिली. निवृत्तीच्या दिवशी निरोपसमारंभ नव्हता. सभागृह रंगवायला काढलं होतं म्हणे. मी एक शाल घेऊन अडगळीच्या खोलीपर्यंत गेले आणि दारातूनच परत आले.

ताई गेल्यानंतर पंधरा दिवसांनी याच सगळ्यांनी शोकसभा घेतली. फलकावर 'रणरागिणी' लिहिलं होतं आणि त्याखाली 'शालिनी'तली पहिली वेलांटी चुकवलेलं नाव. अध्यक्षपदावरून मॅडम डोळ्यांना रुमाल लावत म्हणाल्या, "आमच्या संस्थेने शालूताईंच्या लढ्याला कायम पाठबळ दिलं." समोरच्या रांगा माना डोलावत होत्या. आभारप्रदर्शन माझ्याकडे होतं. अशा बिनधोक कामांसाठी मी प्रसिद्ध आहे. माइकसमोर उभी राहिले आणि म्हणाले, "त्या अहवालावर तीन सह्या हव्या होत्या. दोन झाल्या. एक मॅडमची आणि एक माझी. ताईंना पाठबळ कोणी दिलं नाही. मीही नाही." मग मॅडमनीच सावरलं, "चहाची व्यवस्था मागे केली आहे." आणि खरंच, सगळे चहाला गेले! दुसऱ्या दिवशी मलाही ग्रुपमधून काढलं. एवढी तत्परता या संस्थेने आधी कधी दाखवली होती, आठवत नाही.

त्या रविवारी मी ताईंच्या घरी गेले. त्यांच्या धाकट्या बहिणीने दार उघडलं. पुढची खोली तशीच होती : भिंतीला टेकलेली पुस्तकं, खाली चटई. रविवारी सकाळी बाया इथे आपली गाऱ्हाणी घेऊन यायच्या, आणि अजूनही येतात, असं बहीण म्हणाली. चटईवर राजूरची एक बाई बसली होती. नवऱ्याने घराबाहेर काढलेली. मी तिच्यासमोर बसले, पेन काढलं आणि कायदा सांगायला लागले. कलम, अर्ज, संरक्षण अधिकारी... ती थोडा वेळ ऐकत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, ताई असं नोत्या करत."

"मग काय करायच्या?"

"त्या आधी इचारत, तुले काय पायजे?"

मी पेन बाजूला ठेवलं आणि विचारलं. बाई तासभर बोलत होती.