मचव्याच्या लाकडातली ठकठक

मी नव्वदीच्या घरात आहे. डोळे अधू झालेत, म्हणून मी सांगतोय आणि माझी नात टाइप करतेय. इथले अनुभव ती मला वाचून दाखवते, आणि खरं सांगतो, निम्म्या वेळा मला हसू येतं. चकवा, हडळ, तिठ्यावर दिसलेली पांढऱ्या लुगड्यातली बाई... माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास बसला नाही. सगळी नोकरी मी लाकूड तपासण्यात घालवली. लाकडाचं वजन करायचं, ते मोडायचं, आणि जे दिसलं तेवढंच लिहायचं. अशा माणसाला भुताखेतांचं काय असणार? पण एक गोष्ट आहे, जी मी बायकोलासुद्धा अर्धीच सांगितली होती. आता ती राहिली नाही, साहेबही राहिले नाहीत. सांगून टाकतो.

पन्नास सालानंतरची गोष्ट, संयुक्त महाराष्ट्र व्हायच्या आधीची. रत्नागिरीत मांडवीकडून राजिवड्याकडे जाताना खाडीच्या अंगाला तेव्हा एक लांबट कौलारू शेड होती. चिऱ्याच्या भिंती, एका बाजूला लाकडाचे ओंडके, दुसऱ्या बाजूला आमची यंत्रं. कोकणातलं कुठलं लाकूड होड्यांना चालेल, कुठलं घराला, आंब्याच्या पेट्यांना प्लायवुड वापरलं तर बोटीच्या प्रवासात टिकेल का, हे तपासायचं आमचं काम. प्लायवुडचे तुकडे आम्ही पाण्यात उकळत ठेवायचो आणि थर सुटतात का ते बघायचो. लाकडाचं वजन करून ते भट्टीत सुकवायचं आणि परत वजन करायचं, म्हणजे आत पाणी किती होतं ते कळतं. आणि शेवटी ते मोडायचं. दोन टेकूंवर लाकडाची कांडी आडवी ठेवायची, मधोमध वरून दाब द्यायचा, यंत्राचं चाक हळूहळू फिरवत राहायचं. कांडी वाकत जाते, डायलवरचा काटा सरकत जातो. मोडायच्या आधी लाकूड बोलतं — आधी बारीक करकर, मग एखादा चटका, आणि मग कडाड. प्रत्येक जातीचा आवाज वेगळा. मला तो पाठ झाला होता.

आमचे साहेब करंदीकर. चाळिशीचे, काटेकोर, देवालाही पुरावा मागणारे. आम्ही दोघंच कायमचे, बाकी कापायला वगैरे गरजेप्रमाणे करवतवाले बोलवायचो.

मे महिन्याच्या शेवटी, होड्या किनाऱ्यावर ओढायला लागल्या तेव्हा, बुरोंडीचे युसुफ तांडेल एक लाकूड घेऊन आले. मचव्यावरच्या, म्हणजे मोठ्या शिडाच्या होडीवरच्या, मुख्य माणसाला तांडेल म्हणतात. पन्नाशीचे, रुंद खांद्यांचे, बोलायला अगदी हळू. लाकूड म्हणजे एका जुन्या मचव्याच्या तळाचा कणा — जाडजूड, काळपट, एकसंध साग. मचवा दोन-तीन पावसाळ्यांपूर्वी फुटला होता, पण कणा शाबूत होता. असा साग आता मिळत नाही, नव्या मचव्याला हाच बसवायचा, असं युसुफचाचांचं म्हणणं. पण राजिवड्याचा सुतार त्याला हात लावायला तयार नव्हता. का, ते तो सांगेना. एवढंच म्हणाला म्हणे, की आधी सरकारी माणसांकडून तपासून आणा. त्या नव्या मचव्यावर युसुफचाचांचा पुतण्या पहिल्यांदा समुद्रावर जाणार होता, त्यामुळे तेही म्हणाले — नीट बघा, घाई नाही.

कुठलंही मोठं लाकूड आलं की आम्ही आधी ठोकून बघायचो. लाकडी हातोडीने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ठोकत जायचं. चांगलं लाकूड खणखणीत वाजतं, आत पोकळ किंवा कुजकं असलं की आवाज बसका येतो. सकाळची वेळ, दारातून ऊन आत आलेलं. मी ठोकत निघालो. आवाज सुरेख येत होता. मधल्या भागाशी आलो, एक ठोका दिला आणि हातोडी उचलली...

आणि आतून ठोका आला. ठक.

घुमला असेल, असं वाटलं. मी दोनदा ठोकलं. थोडा वेळ काहीच नाही. समोरच्या माणसाने ऐकावं, समजून घ्यावं आणि मग उत्तर द्यावं, एवढा वेळ. मग आतून दोन ठोके आले.

मी हातोडी खाली ठेवली. साहेबांना हाक मारली. त्यांनी स्वतः ठोकलं, कान लावला, आणि त्यांनाही ते ऐकू आलं. त्यांचा चेहरा मी बघत होतो. क्षणभर तो अगदी रिकामा झाला. मग ते म्हणाले, भुंगा असेल, नाहीतर ऊन लागून लाकूड ताणलं जात असेल, कापून बघू.

करवतवाल्यांनी मधल्या भागाच्या एका बाजूने गाभ्यापर्यंत एक फाक कापून काढली, कणा तरीही बसवता येईल अशा बेताने. आत काही नव्हतं. ना भुंगा, ना भोक, ना भेग. तेलकट, घट्ट, गाभ्यापर्यंत भरीव साग. असं लाकूड मी नंतरही फार थोड्या वेळा पाहिलं. वजन केलं, भट्टीत सुकवलं, सगळं जसं यायला हवं तसं आलं. मला बरं वाटलं. त्या फाकेच्या कांड्या करून आम्ही ठेवून दिल्या, आणि काही दिवसांनी मोडायला घेतल्या.

पहिली कांडी मी यंत्रावर ठेवली. चाक फिरवायला लागलो. कांडी वाकायला लागली, पण करकर नाही. अजून दाब. साग एव्हाना बोलायला हवा होता... काहीच नाही. आणि मग त्या अंगठ्याएवढ्या जाड कांडीतून ठकठक सुरू झाली. जितका मी दाब वाढवायचो तितकी ती घाईने यायची. मुठीने फळी बडवावी तशी. यंत्राच्या लोखंडातून ती माझ्या मनगटापर्यंत येत होती. मी चाक सोडायला हवं होतं, पण हात थांबेनात. ठकठक खूप जोरात झाली, मग विस्कळीत झाली, मग दोन ठोक्यांमध्ये अंतर पडायला लागलं, मग एक अगदी हलका ठोका आला — आणि पुढे काही नाही. त्यानंतर कांडी मोडली. आवाज न करता. सागाची कांडी आवाज न करता मोडलेली मी त्या लाकडाखेरीज आयुष्यात पाहिली नाही.

साहेबांनी यंत्र रिकामं फिरवून पाहिलं. शांत. दुसऱ्या सागाची कांडी लावली. ती नेहमीसारखी करकरली आणि मोडली. मग परत मचव्याची लावली... आणि परत तेच. तीच घाई, तेच थकत जाणं, तोच शेवटचा हलका ठोका.

मी उठून बाहेर गेलो. खाडीकाठी बायका मासळी वाळत घालत होत्या. त्यांच्याजवळ दगडावर जाऊन बसलो. काम काही नव्हतं, पण तिथे माणसं होती. एकीने विचारलं, काय रे, ऊन लागलं काय? मी हो म्हटलं. ती कांडी मोडताना मला असं वाटलं होतं, की मी लाकूड मोडत नाहीये. मी कुणालातरी... जाऊ दे. पुढचं वाक्य नातीला टाइप करायला लावत नाही.

दुसऱ्या दिवशी युसुफचाचा निकाल ऐकायला आले. निकाल तर उत्तम होता. आकडे बघितले तर आमच्याकडे आलेल्या कुठल्याही सागापेक्षा ते लाकूड सरस होतं. साहेब त्यांना तेच सांगायला लागले. एक कांडी उरली होती, तीही मोडून टाक, म्हणजे काम पुरं होईल, असं साहेबांनी मला सांगितलं. मला वाटतं, त्यांना तिसऱ्या माणसालाही ऐकू येतं का ते बघायचं होतं.

मी चाक फिरवलं. ठकठक सुरू झाली.

युसुफचाचांनी आधी यंत्राकडे पाहिलं. मग ते भिंतीला पाठ घासत खाली बसले. त्यांचा हात आपोआप जमिनीवर ठोकायला लागला होता, त्याच लयीत. ते त्यांच्या बोलीत, अगदी हळू म्हणाले, "नको. मोडू नको ता."

मी चाक उलटं फिरवलं. दाब काढला तरी ठकठक थांबेना, फक्त सावकाश झाली. मी कांडी काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती कानाशी धरली. त्यांची बोली मला तंतोतंत लिहिता येणार नाही, माझ्या मराठीत सांगतो. ते कांडीला म्हणाले, "कासिम, आम्ही आहोत. इथेच आहोत."

आणि ती थांबली.

मग त्यांनी सांगितलं. कासिम त्यांचा धाकटा भाऊ. बुरोंडीच्या समोरच मचवा उलटला होता. बाकीचे खलाशी उपड्या तळावर चढून बसले. कासिम आत राहिला, खाली अडकलेल्या हवेत. तो आतून ठोकत होता आणि ते वरून ठोकत होते, म्हणजे त्याला कळावं की वर माणसं आहेत. मचवा सुलटा करायला त्यांची ताकद पुरेना. समुद्र असा होता की बुडी मारलेला माणूस दोनदा वर आला नसता, तरी युसुफचाचांनी एकदा मारली होती. कपाळावरचा व्रण त्यांनी दाखवला. पलीकडच्या होड्या येईपर्यंत ठोके हळूहळू कमी होत गेले. मचवा फुटून किनाऱ्याला लागला तेव्हा आत कुणी नव्हतं. कासिम सापडलाच नाही. घरी त्यांनी सांगितलं होतं, की तो पहिल्या लाटेतच गेला. आईला दुसरं काय सांगणार, म्हणाले. जो पुतण्या नव्या मचव्यावर जाणार होता, तो कासिमचाच मुलगा.

साहेबांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "तांडेल, लाकूड चांगलं आहे. पण बसवू नका."

युसुफचाचांनी सगळं नेलं. उरलेला कणा, मोडलेल्या कांड्या, करवतीखालचा भुसासुद्धा फडक्यात बांधून. मौलवींना त्यांनी काय सांगितलं ते माहीत नाही, पण बुरोंडीला कब्रस्तानाच्या कडेला, समुद्र दिसतो त्या बाजूला खड्डा करून ते सगळं पुरलं, असं नारळी पौर्णिमेनंतर ते येऊन सांगून गेले. नवा मचवा दुसऱ्या लाकडाचा झाला. पुतण्या त्याच्यावर गेला आणि पुढे कितीतरी वर्षं सुखरूप जात-येत राहिला.

माझ्या मनाने मी तिथेच पडदा टाकला होता. भीती वाटायची, पण निदान जे व्हायचं ते होऊन गेलं, असं समजायचो.

पुढे साहेब निवृत्त होऊन हातखंब्याजवळ राहायला गेले. खूप आजारी आहेत असं कळल्यावर भेटायला गेलो. त्यांच्या सूनबाईंनी चहा दिला आणि आम्हाला एकटं सोडलं. तेव्हा त्यांनी आपणहून तो विषय काढला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

म्हणाले, पहिल्या दिवशी, मी दुपारी जेवायला घरी गेलो होतो तेव्हा, ते एकटेच त्या लाकडाजवळ बसले होते. अजून ते कापलं नव्हतं. त्यांनी प्रयोग म्हणून ठोकायला सुरुवात केली. एकदा, मग तीनदा, मग मध्येच थांबून. दरवेळी बरोबर उत्तर यायचं. ते ठोकत राहिले. उत्तर लवकर लवकर यायला लागलं, मोठ्याने यायला लागलं, शेवटी शेवटी तर त्यांनी ठोकायच्या आधीच. तेव्हा घाबरून ते उठले आणि बाहेर जाऊन उभे राहिले. आत ठोके बराच वेळ चालू होते.

"जोशी," ते मला म्हणाले, "त्याला वाटलं असेल, कुणीतरी आलं."

चहा निवून गेला होता, तो तसाच घेतला.

भरीव लाकडात आवाज कुठून आला, दाबाबरोबर तो का वाढला, आमच्या हातोडीला त्याने उत्तर कसं दिलं — मी पुढे सगळी नोकरी त्याच कामात काढली, मिळेल तो संदर्भ वाचला, जाणकारांना आडून आडून विचारून पाहिलं. मला कारण मिळालं नाही. तुमच्यापैकी कुणी या क्षेत्रातलं असेल तर जरूर लिहा, नात वाचून दाखवेल. फक्त भुंगा होता, असं मात्र लिहू नका.